तोयामा मास्तरांनी 26 जणांना हवाईला पाठवलं, म्हणून ओकिनावाचं गाणं आज सातासमुद्रापार वाजतंय

हवाई म्हटलं की निळा समुद्र, नारळाची झाडं आणि गळ्यात फुलांच्या माळा घातलेले पर्यटक एवढंच आपल्या डोळ्यासमोर येतं. पण ऑगस्ट संपून सप्टेंबर लागायच्या सुमाराला होनोलुलूत गेलात, तर भलतंच चित्र दिसतं. शेकडो माणसं रिंगण करून नाचत असतात. मोठाले ढोल घुमत असतात. अजगराच्या कातड्यानं मढवलेलं तीन तारांचं एक वाद्य वाजत असतं. आणि स्टॉलवरच्या कढईतून पिठाचे गोल गोल गोड वडे निघत असतात, ज्यांच्यासाठी लोक तासतासभर रांग लावतात. या वड्यांना म्हणतात आंदागी आणि त्या वाद्याला म्हणतात सानशिन.

बघणाऱ्याला वाटतं, हा जपानी उत्सव असणार. तसं तिथल्या एखाद्या आजीला विचारलंत, तर ती हसून नाही म्हणेल. हे लोक स्वतःला उचिनांचू म्हणवतात. म्हणजे ओकिनावाची माणसं. कागदोपत्री ओकिनावा जपानचा भाग आहे, पण त्यांची भाषा वेगळी, गाणं वेगळं, जेवण वेगळं आणि इतिहास तर फारच वेगळा.

आज हवाईत या लोकांची संख्या 50 हजारांच्या आसपास सांगितली जाते. त्यांच्यातलाच एक जण, डेव्हिड इगे, 2014 मध्ये हवाई राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. आणि हे सगळं सुरू झालं ते एका खेड्यातल्या, सरकारशी न पटणाऱ्या एका शाळामास्तरामुळं.

त्यांचं नाव तोयामा क्युझो.

राज्य गेलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते

तोयामांचा जन्म 1868 चा. गाव किन. ओकिनावाच्या मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, समोर पॅसिफिक आणि मागं डोंगर असलेलं.

ते जन्मले तेव्हा ओकिनावा हा जपानचा जिल्हा नव्हता. तिथं र्‍युक्यू नावाचं राज्य होतं. 1429 मध्ये एक झालेलं हे राज्य चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशियाशी व्यापार करायचं. 1609 मध्ये दक्षिण जपानच्या सात्सुमा सरदारांनी त्यावर स्वारी केली आणि खंडणी सुरू केली, पण राजा गादीवर राहिला. चीनला नजराणे जात राहिले. दोन दगडांवर पाय ठेवून चाललेला हा कारभार पुढं अडीचशे वर्षांहून जास्त टिकला.

1879 मध्ये तोक्योनं तो संपवला. शेवटचा राजा शो ताई याला तोक्योला हलवलं आणि र्‍युक्यूचं नाव झालं ओकिनावा प्रांत. तोयामा तेव्हा दहा वर्षांचे होते.

पोरांना नव्या शाळांत जपानी शिकवायला सुरुवात झाली. आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ओकिनावाची भाषा, म्हणजे उचिनागुची, ही जपानीची बोली असं बरेच दिवस सांगितलं गेलं. प्रत्यक्षात तोक्योच्या माणसासमोर कुणी उचिनागुचीत बोललं, तर त्याला काही कळत नाही. एका कुळातल्या दोन भाषा, एवढंच नातं. पण राज्य ज्याचं असतं, भाषा कुठली आणि बोली कुठली हेही तोच ठरवतो. पुढं तर शाळेत आपली भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची पद्धत आली. दुसरं कुणी चुकून घरची भाषा बोलेपर्यंत ती पाटी गळ्यात ठेवायची.

तोयामा या नव्या व्यवस्थेत शिकले, शिक्षक तयार करणाऱ्या सरकारी विद्यालयातून बाहेर पडले आणि मास्तर झाले. त्या काळात खेड्यातल्या पोरानं मास्तर होणं म्हणजे घराचं नशीब उघडणं. पण त्यांचं वरच्या अधिकाऱ्यांशी पटेना. कचेऱ्या असोत की शाळा, मोठ्या खुर्च्यांवर जपानच्या मुख्य भूमीतून आलेली माणसं बसलेली आणि स्थानिकांशी त्यांची वागणूक जेत्याची. तोयामांनी नोकरी सोडली, गावाचा प्रतिनिधी म्हणून काही काळ काम केलं आणि मग थेट तोक्यो गाठलं.

तोक्योतला मित्र आणि ओकिनावातला राजा

तोक्योच्या दिवसांत त्यांची जवळीक झाली जाहाना नोबोरू यांच्याशी. हा माणूस म्हणजे ओकिनावाच्या इतिहासातलं एक जिवाला चटका लावणारं प्रकरण. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले जाहाना तोक्योच्या विद्यापीठात शेतीशास्त्र शिकले आणि 1891 मध्ये ओकिनावाच्या प्रशासनात मोठ्या पदावर रुजू झाले. त्यांच्या बेटावरच्या शेतकऱ्याच्या पोरासाठी ही अशक्य वाटावी अशी मजल होती.

त्यांची गाठ पडली गव्हर्नर नाराहारा शिगेरू यांच्याशी. नाराहारा 1892 मध्ये आले आणि 1908 पर्यंत, म्हणजे तब्बल 16 वर्षं गव्हर्नर राहिले. मूळचे कुठले? सात्सुमाचे. ज्या सरदारांनी 1609 मध्ये स्वारी केली होती, त्याच मुलखाचे. त्यांचा दरारा असा की लोक त्यांना र्‍युक्यूचा राजाच म्हणायचे.

भांडण पेटलं जंगलावरून. गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या डोंगरांवरच्या जमिनी पडीक म्हणून काढून द्यायला सुरुवात झाली आणि त्या गेल्या जुन्या सरदार घराण्यांकडं, अधिकाऱ्यांकडं, बाहेरच्या धनिकांकडं. सरपण, लाकूड, पाणी, सगळं त्या डोंगरांवर अवलंबून असलेल्या खेड्यांचे हाल होणार हे उघड होतं. जाहानांनी विरोध केला आणि अखेर 1898 मध्ये राजीनामा दिला. मग त्यांनी सोबत्यांना घेऊन ओकिनावा क्लब नावाची संघटना काढली, नियतकालिक सुरू केलं आणि ओकिनावाच्या लोकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून तोक्योत खेटे घातले. जपानच्या संसदेची पहिली निवडणूक 1890 मध्येच झाली होती, पण ओकिनावाला त्यात जागाच नव्हती. कर मात्र भरायचा आणि 1898 पासून सैन्यातही जायचं.

तोयामा या लढ्यात जाहानांच्या बरोबर होते. पण दोघांच्या डोक्यातले रस्ते हळूहळू वेगळे होत गेले. जाहानांना वाटायचं, हक्क इथंच मिळवायचे. तोयामांनाही हक्क हवेच होते. पण गावातली भूक त्यांना जवळून माहीत होती. जमीन थोडी, तोंडं जास्त, वादळं दरवर्षीची आणि ऊस सोडला तर पैसा देणारं पीक नाही. संसद कधी दार उघडेल ते उघडेल, तोवर माणसांनी काय खायचं?

त्यांचं उत्तर होतं, समुद्र ओलांडायचा.

गव्हर्नरची अडचण

जपानच्या मुख्य भूमीतले लोक 1885 पासून करार करून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जात होते. हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो या भागांतली हजारो माणसं. ओकिनावातून मात्र एकही नाही. उसात आयुष्य काढलेल्या लोकांनाच उसाच्या मळ्यांचा पत्ता नव्हता, हा त्यातला विनोद.

तोयामांनी नाराहारांकडं परवानगी मागितली. नाराहारांनी नकार दिला. कारण काय, तर ओकिनावाच्या लोकांना धड जपानी बोलता येत नाही, परदेशात जाऊन ते जपानचं नाव घालवतील. गंमत बघा. ज्यांना घरात जपानी नागरिकाचे हक्क द्यायचे नव्हते, त्यांच्यामुळं बाहेर जपानची अब्रू जाईल याची मात्र काळजी.

तोयामा पुन्हा गेले. पुन्हा नकार. ते पुन्हा गेले. गव्हर्नरच्या विरोधात संघटना चालवणाऱ्या माणसानं त्याच गव्हर्नरच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं, ही साधी गोष्ट नव्हती. पण तोयामा चिवट होते. 1899 मध्ये अखेर परवानगी मिळाली.

आता दुसरी पंचाईत. जायला तयार कोण होणार? हवाई कुठं आहे हे कुणालाच माहीत नाही. गेलेला माणूस परत येतो का, तेही माहीत नाही. पूर्वजांच्या थडग्यांपासून दूर मरणं ही ओकिनावात फार मोठी भीती. तिथली थडगी घराएवढी मोठी असतात आणि वर्षातून एकदा सगळं कुटुंब डबे घेऊन तिथं जेवायला जातं. ती जागा सोडून जायचं म्हणजे नुसतं गाव सोडणं नव्हतं. शिवाय प्रवासाचा खर्च होता आणि तो बहुतेकांना कर्ज काढूनच उभा करावा लागणार होता. तोयामांनी गावोगाव फिरून माणसं गोळा केली. त्यांतली बरीचशी त्यांच्या स्वतःच्या किन गावची होती. ओळखीच्या मास्तराच्या शब्दावर लोक निघाले, असंच म्हणायला हवं.

5 डिसेंबर 1899 ला ही मंडळी नाहा बंदरातून निघाली. योकोहामाहून त्यांनी चायना नावाचं जहाज धरलं. 8 जानेवारी 1900 ला 26 जण होनोलुलूला उतरले.

आणि मुहूर्त तरी कसला! होनोलुलूत त्याच वेळी प्लेगची साथ चालू होती. ही माणसं पोचून दोन आठवडे होत नाहीत, तोच 20 जानेवारीला साथ रोखण्यासाठी घरं जाळताना आग हाताबाहेर गेली आणि चायनाटाउनची जवळपास सगळी वस्ती खाक झाली.

उसाच्या पानांची धार

या 26 जणांना ओआहू बेटावरच्या एवा मळ्यावर पाठवलं गेलं. दिवसाला दहा तासांचं काम. अंगावर जाड कपडे घालायचे, कारण उसाची पानं कातडी कापतात. वर डोळे वटारून मुकादम. तिथं मुकादमाला लूना म्हणत आणि तो बहुतेक वेळा घोड्यावर असे. मुकादमाची भाषा कळत नव्हती आणि शेजारी राबणाऱ्या जपानी मजुरांचीही धड कळत नव्हती.

त्या जपानी मजुरांनी यांना आपलं म्हणावं, तर तेही नाही. हिरोशिमाचा मजूर ओकिनावाच्या मजुराला खालचा समजायचा. यांची नावं विचित्र, बोलणं विचित्र, हे डुक्कर पाळतात आणि डुक्कर खातात. पुढं बायका आल्या तेव्हा त्यांच्या हातांवरच्या गोंदणाचीही टिंगल झाली. ओकिनावात बाईच्या हातावरचं निळंशार गोंदण, ज्याला हाजिची म्हणत, हा मानाचा दागिना होता. जपान सरकारनं 1899 मध्ये त्यावर बंदी घातली. हवाईत अनेक बायका जपानी शेजारणींसमोर हात झाकून वावरायच्या.

जून 1900 मध्ये एक चांगली गोष्ट घडली. हवाईला अमेरिकेचे कायदे पूर्णपणे लागू झाले आणि मजुरांना बांधून ठेवणारे जुने करार रद्द झाले. आता मळा सोडता येत होता, दुसरीकडं काम शोधता येत होतं. काहींनी तेच केलं. दोन-तीन वर्षांत पहिल्या तुकडीतले काही जण साठवलेले पैसे घेऊन गावी परतले.

तोयामांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते त्या पैशांनी झालं. तयार होणाऱ्यांची संख्या एकदम वाढली.

दुसऱ्या खेपेला स्वतः

1903 मध्ये दुसरी तुकडी निघाली. 40 माणसं. या वेळी तोयामा स्वतः बरोबर गेले. पहिल्या तुकडीच्या हालअपेष्टा कानावर आल्या होत्या आणि लोकांना पाठवून आपण घरी बसायचं हे त्यांना जमणारं नव्हतं. ही मंडळी हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावर, होनोकाच्या मळ्यावर गेली.

परत आल्यावर तोयामांनी लोकांना पाठवण्याचं काम जोरात सुरू केलं. ते स्थलांतर करवणाऱ्या एका कंपनीचे एजंट झाले. इथं त्यांच्यावर बोट ठेवता येतं आणि ठेवलंही पाहिजे. या कंपन्या काही धर्मादाय नव्हत्या. माणूस गेला की त्यांना पैसे मिळत आणि माणूस जायचा कर्ज काढून. त्याच सुमाराला, 1899 ते 1903 या काळात, ओकिनावात जमिनीची नवी व्यवस्था लागू झाली होती. आधी गावाची जमीन ठरावीक काळानं कुटुंबांत फिरवून वाटली जायची आणि सारा सगळ्या गावावर मिळून असायचा. आता जमीन प्रत्येकाच्या नावावर झाली, म्हणजेच ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली. कित्येकांनी जमीन गहाण टाकून जहाजाचं तिकीट काढलं. हवाईत जम बसला तर जमीन सुटायची. नाही बसला तर घरच्यांच्या डोक्यावर बोजा.

तरीही लोक गेले. 1906 या एका वर्षात ओकिनावातून चार हजारांहून जास्त माणसं हवाईला गेली. सहा वर्षांपूर्वी आकडा होता 26.

काही जण सैन्यभरतीतून सुटण्यासाठी गेले, काही कर्ज फेडायला, काही फक्त शेजारी गेला म्हणून. हवाईशिवाय इतर वाटाही उघडल्या. 1904 मध्ये फिलिपाइन्सच्या डोंगरात बागिओकडं जाणारा रस्ता बांधायला ओकिनावाचे मजूर गेले. त्यात किन गावचेच ओशिरो कोझो, तोयामांचे सहकारी, पुढं होते. नंतर दावावच्या अंबाडीसारख्या वाखाच्या मळ्यांवर त्यांनी मोठी वसाहत उभी केली. 1906 मध्ये पेरू. 1908 मध्ये कासातो मारू हे जहाज 781 जणांना घेऊन ब्राझीलला पोचलं. त्यातले 325 ओकिनावाचे होते.

मित्राचा शेवट, स्वतःचा शेवट

या सगळ्यात जाहानांचं काय झालं? त्यांची चळवळ दडपली गेली, पैसा संपला, सोबती पांगले. 1901 मध्ये नोकरीसाठी यामागुचीकडं निघालेले असताना कोबे स्टेशनवर त्यांचं मानसिक संतुलन गेलं. ते पुन्हा सावरले नाहीत. 1908 मध्ये ते वारले. नाराहारांनी गव्हर्नरपद सोडलं तेही त्याच वर्षी.

1909 मध्ये ओकिनावाच्या प्रांतिक सभेची पहिली निवडणूक झाली. तोयामा निवडून आले. ज्या हक्कासाठी जाहानांनी आयुष्य घालवलं, त्याचा हा पहिला छोटा तुकडा. संसदेत ओकिनावाचा माणूस जायला 1912 उजाडावं लागलं.

ते बघायला तोयामाही राहिले नाहीत. 17 सप्टेंबर 1910 ला त्यांचं निधन झालं. वय अवघं 41. पहिल्या जहाजाला तेव्हा जेमतेम 11 वर्षं होत होती.

त्यांच्या नावावर एक छोटी कविता सांगितली जाते. सारं जगच आपलं घर आहे, अशी तिच्यातली कल्पना आहे. ओकिनावात शाळकरी पोरांनाही ती माहीत असते.

सामानात काय नेलं

मळ्यांवर गेलेल्या माणसांकडं सामान ते किती असणार? पण सानशिन गेलं. हे वाद्य मुळात चीनमधून र्‍युक्यूत आलं आणि तिथून सोळाव्या शतकात जपानला पोचलं. जपानचं प्रसिद्ध शामिसेन म्हणजे त्याचंच पुढचं रूप. ओकिनावात मात्र सानशिनला घरात जागा असते, देवघरासारखी. जिथं ते मिळालं नाही, तिथं लोकांनी हाती लागेल त्या लाकडाचं बनवलं.

रात्री मजुरांच्या बराकीत ते वाजायचं. तिथं जपानी बोलायची गरज नव्हती. भाषेसाठी ज्यांना लाज वाटायला लावली होती, ती माणसं गाण्यात आपल्याच भाषेत बोलायची. 1920 च्या दशकात ओसाकात फुकुहारा चोकी नावाच्या ओकिनावाच्या गायकानं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, मारुफुकु तिचं नाव. तिच्या तबकड्या समुद्रापारच्या उचिनांचू घरांत पोचल्या. घरी ग्रामोफोन आला की आधी ती तबकडी लागायची.

पैशांसाठी त्यांच्यात भिशी होती. ओकिनावात तिला मोआई म्हणतात, हवाईत तानोमोशी. दहा-वीस जणांनी महिन्याला पैसे काढायचे आणि गरज असेल त्यानं उचलायचे. बँक ज्यांना दारात उभं करत नव्हती, त्यांची हॉटेलं, दुकानं आणि शेतं या भिशीवर उभी राहिली. आणि ज्या डुकरांवरून टिंगल व्हायची, त्यांच्यावरच कित्येक कुटुंबांनी पोरं शिकवली. हॉटेलांतलं खरकटं गोळा करायचं, डुकरांना घालायचं, डुकरं विकायची. वास यायचा, शेजारी नाकं मुरडायचे, पैसा यायचा.

तरीही पुढच्या पिढीत लाज शिरलीच. अनेकांनी आडनावांचे उच्चार जपानी वळणाचे करून घेतले. जे कानागुसुकू होते, ते किंजो झाले. घरात आजी उचिनागुचीत बोलायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची.

1945

मग युद्ध आलं. एप्रिल ते जून 1945 ओकिनावा बेटावर अमेरिका आणि जपान लढले. बेटावरच्या दर चार माणसांमागं साधारण एक मेला. घाबरलेली कुटुंबं गुहांमध्ये लपली होती. जपानी सैन्याचा हुकूम होता की ओकिनावाच्या भाषेत बोलणाऱ्याला हेर समजून शिक्षा केली जाईल. आपल्या आईच्या भाषेत बोललं म्हणून माणसं मारली गेली.

आणि त्याच गुहांच्या तोंडाशी उभं राहून हवाईत जन्मलेला एक सैनिक उचिनागुचीत हाका मारत होता. थॉमस तारो हिगा. इटलीत जखमी झालेला अमेरिकी सैनिक, आईबाप ओकिनावाचे. जपानीत कुणी हाक मारली असती, इंग्रजीत मारली असती, तर आतल्यांनी विश्वास ठेवला नसता. गावच्या भाषेतला आवाज ऐकून लोक बाहेर आले. जी भाषा येते म्हणून नाराहारा माणसं पाठवत नव्हते, ती भाषा हवाईच्या मळ्यांवर जिवंत राहिली होती आणि तिनं जीव वाचवले.

युद्धानंतर हिगांनी हवाईत फिरून ओकिनावासाठी कपडे गोळा केले. आणि 1948 मध्ये उचिनांचूंनी आणखी एक अफाट गोष्ट केली. युद्धात बेटावरची डुकरं जवळपास नाहीशी झाली होती. ओकिनावाच्या स्वयंपाकात डुक्कर नसणं म्हणजे चूल अर्धी विझणं. हवाईच्या लोकांनी वर्गणी काढली, अमेरिकेतून 550 डुकरं विकत घेतली आणि पोर्टलंडहून जहाजात चढवली. बरोबर सात स्वयंसेवक गेले. वाटेत वादळं लागली, काही जनावरं मेली, पण बाकीची पोचली, गावागावांत वाटली गेली आणि काही वर्षांत कळप पुन्हा भरले.

याच मदतीच्या धावपळीतून विखुरलेली गावकीची मंडळं एकत्र आली आणि 1951 मध्ये हवाईतल्या ओकिनावन लोकांची एक मोठी संघटना झाली. लाजेचा काळ मागं पडायला तिथून सुरुवात झाली. 1982 पासून ओकिनावन उत्सव भरू लागला. 1990 मध्ये ओआहू बेटावर त्यांचं स्वतःचं केंद्र उभं राहिलं. नातवंडांनी सानशिनचे क्लास लावले, ढोलावरचा एइसा नाच शिकले आणि आंदागीच्या पिठात सॉसेज बुडवून तळायचा, आंदाडॉग नावाचा, खास हवाईचा शोधही लावला. ओकिनावातल्या आज्यांनी तो बघून काय म्हटलं असेल कुणास ठाऊक!

भाषेचं दुखणं मात्र खरं आहे. 2009 मध्ये युनेस्कोनं र्‍युक्यू बेटांच्या सहा भाषा धोक्यात असल्याचं जाहीर केलं. खुद्द ओकिनावात तरुण पोरांना ती फारशी येत नाही. हवाई विद्यापीठात 2008 मध्ये ओकिनावाच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं, जपानबाहेरचं असं पहिलं. तिथं उचिनागुची शिकवली जाते. शिकणाऱ्यांत उसाच्या मळ्यांवर राबलेल्यांची पतवंडं असतात.

किन गावचा पुतळा

किनमध्ये तोयामांचा पुतळा आहे. हात उचलून समुद्राकडं बोट दाखवणारा. तो 1930 च्या दशकात उभारला गेला. मग युद्धात धातू हवा म्हणून तो काढून नेला. तोफगोळ्यांसाठी पुतळे वितळवण्याचा तो काळ होता. चौथरा तेवढा राहिला. 1961 मध्ये तिथं नवा पुतळा बसला.

1990 पासून ओकिनावात साधारण दर पाच वर्षांनी जगभरच्या उचिनांचूंचा मेळा भरतो. हवाई, ब्राझील, पेरू, अर्जेंटिना, बोलिव्हिया इथून हजारो लोक येतात आणि नाहाच्या मुख्य रस्त्यावरून आपापल्या देशाचे झेंडे घेऊन मिरवणूक निघते. कुणी पोर्तुगीज बोलतं, कुणी स्पॅनिश, कुणी इंग्रजी. सानशिन वाजलं की पाय सगळ्यांचे एकाच ठेक्यावर पडतात. मेळ्याच्या दिवसांत हे पाहुणे आपापल्या मूळ गावीही जाऊन येतात. किनला गेलेले लोक त्या पुतळ्यासमोर उभे राहतात, फोटो काढतात आणि मग पणजोबांचं घर कुठल्या गल्लीत होतं याची चौकशी सुरू करतात.